चासी अमेरिकन, बॉडी युरोपात बांधलेली: अशा जुन्या गाड्या ओळखायच्या कशा?

जुनी_चाकं

नमस्कार मंडळी,

बर्नजवळ जुन्या सामानाचा बाजार भरतो. तिथे सुट्या फोटोंच्या खोक्यात हा फोटो मिळाला. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा, मागे काही लिहिलेलं नाही. दोन दारांची, कापडी टपाची लांबलचक गाडी, टप खाली पाडलेला, शेजारी हातमोजे घातलेल्या एक बाई उभ्या. नंबरप्लेट 'बीई'ने सुरू होते. रेडिएटरवरची बाहुली फोटोच्या वरच्या कडेला कापली गेली आहे.

मागच्या चाकांवर आलेला मडगार्ड, दाराची मागे झुकणारी रेघ, बसकी काच हे सगळं युरोपातलं वाटतं. पण रेडिएटरला दोन्ही बाजूंना खांदे आहेत आणि चाकाच्या मधोमध एक गडद षटकोन दिसतोय.

माझं मत आधीच मांडतो. अशी गाडी दिसली की लोक पहिल्यांदा बाहुली आणि नावाची पट्टी शोधतात. या दोन्ही गोष्टी दोन स्क्रूंवर बसतात आणि दोन स्क्रूंवर निघतात. सुरुवात चाकाच्या तुंब्यापासून, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसतं त्या मधल्या भागापासून करावी. त्या काळात कंपन्या नुसती चासी विकत: खालचा सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बॉनेट, फायरवॉल (इंजिनामागची आडवी भिंत) आणि चाकं. त्यावर बॉडी बांधणारा कोचबिल्डर मागचं सगळं बदलायचा, पण ड्रम, अ‍ॅक्सल आणि तुंब्यांना सहसा हात लावायचा नाही.

तर प्रश्न दोन. चासी कुणाची आणि बॉडी कुणाची? शिवाय तुम्ही अशा गाड्या कशावरून ओळखता तेही लिहा.

पेठेतला_वाचक

वाचतोय. एक अगदी प्राथमिक प्रश्न: अमेरिकेत तयार गाडी मिळत असताना नुसती चासी बोटीनं मागवून युरोपात बॉडी कशाला बांधायची?

गॅरेजवाला_कोल्हापूर

वाचकसाहेब, आपल्याकडं ट्रकचं अजून तेच चालतं की. कंपनीतून काउल चासी, म्हणजे बिनकेबिनची, येते, ड्रायव्हर डोक्याला फडकं बांधून उघड्यावर चालवत आणतो, आणि बॉडी बाहेर बांधली जाते. कुणाची बॉडी ते जाणकार माणूस लांबूनच सांगतो. तेव्हाच्या श्रीमंतांच्या मोटारीही तशाच बनत, फक्त बॉडी बांधणारे पॅरिस, लंडन, ब्रसेल्सचे.

डेट्रॉइटकर

वाचक, कारण पैशात आणि इंजिनात आहे. १९२०-३० च्या दशकांत मोठं, शांत आणि न कुरकुरता पळणारं इंजिन हवं असेल तर अमेरिकन चासी तिच्या ताकदीच्या मानानं स्वस्त पडायची. स्वित्झर्लंड, बेल्जियम, हॉलंड, स्वीडन इथे स्वतःच्या मोठ्या गाड्यांचे कारखाने कमी, म्हणून तिथे पॅकार्ड, ब्यूक, हडसन भरपूर गेल्या. जनरल मोटर्सनं तर १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बीलला जुळणीचा कारखानाच काढला. इंग्लंडात मात्र कर इंजिनाच्या सिलिंडरच्या व्यासावर होता, त्यामुळे अमेरिकन गाडी तिथे ठेवायला महाग.

सगळ्यात वरच्या टोकाला ड्यूसेनबर्ग मॉडेल जे. डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कला दाखवली. ६.९ लिटरचं एका ओळीतलं आठ सिलिंडरचं इंजिन, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, २६५ अश्वशक्तीचा दावा. नुसत्या चासीची किंमत सुरुवातीला ८,५०० डॉलर. इंडियानापोलिसच्या कारखान्यातून चासी बाहेर पडायची आणि गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडे बॉडी बांधून घ्यायचा. बहुतेक बॉड्या अमेरिकेतच झाल्या, पण काही चासी युरोपात गेल्या. पॅरिसच्या फिगोनीनं बांधलेल्या जे ला २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला.

अमेरिकेत असाल तर इंडियाना राज्यातल्या ऑबर्न गावचं संग्रहालय चुकवू नका. ऑबर्न मोटार कंपनीच्या जुन्या मुख्य कचेरीतच ते आहे. तिथे दोन ड्यूसेनबर्ग शेजारी उभ्या असल्या की बॉनेटपर्यंत जुळ्या आणि काचेपासून मागे पूर्ण परक्या दिसतात. माझ्यासारख्याला तासन् तास हलवत नाही तिथून.

माळव्यातला

ड्यूसेनबर्गचं नाव निघालं आणि आमच्या इंदूरचा विषय नाही निघाला, असं कसं चालेल!

महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३६ च्या सुमारास एसजे म्हणजे सुपरचार्जरवाली (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप असलेली) चासी मागवली. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधली. स्टिअरिंग उजवीकडे, लांब चासी आणि तीवर फक्त दोघांसाठीची उघडी स्पीडस्टर. रंग नारिंगी आणि काळा. एवढ्या मोठ्या चासीवर सहा-सात माणसांची लिमोझिन सहज बसली असती, तिथे महाराजांनी दोन खुर्च्या आणि उरलेली सगळी लांबी बॉनेट नि शेपटीला दिली. माणिकबाग पॅलेस त्यांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतला, प्रसिद्ध छायाचित्रकार मॅन रेनं त्यांचे फोटो काढले. त्यांची नजर कशी होती ते या गाडीवरूनही कळतं.

आता ओळखण्याचा मुद्दा. बाजूनं काढलेल्या फोटोत ही गाडी पुष्कळ जणांना इंग्लिश वाटते, कारण मडगार्डची लय गर्नी नटिंगचीच आहे. पण बॉनेटच्या बाजूनं बाहेर आलेले चकचकीत लवचिक एक्झॉस्ट पाइप बघितले की ड्यूसेनबर्ग डोळ्यासमोर येते.

गाडी पुढे अमेरिकेत गेली. इंदूरला परत आलेली बघायला मिळावी असं फार वाटतं.

निळा_धूर

माळव्यातले दादा, वर्णन सुरेख. पण पाइपांवर भिस्त ठेवू नका. बाहेर काढलेले पाइप म्हणजे सुपरचार्जरच असं मानायला लोकांना आवडतं. ते पाइप सुपरचार्जर नसलेल्या ड्यूसेनबर्गवरही नंतर हौसेनं बसवले गेले आहेत. ऑबर्न आणि कॉर्डच्या सुपरचार्जरवाल्या मॉडेलांवरही असेच पाइप होते. इंदूरच्या गाडीची गोष्ट वेगळी, तिचा इतिहास सलग माहीत आहे.

आणि धागाकर्त्यांशी माझा मूळ मतभेद. चाकं ही गाडीची सगळ्यात आधी बदलणारी गोष्ट! तारांची चाकं काढून डिस्कची, डिस्कची काढून तारांची, झाकण हरवलं की दुसऱ्या गाडीचं. मी काउल बघतो, म्हणजे बॉनेट संपतं आणि काच सुरू होते तो पट्टा. बहुतेक चासी काउलसकट यायच्या. कोचबिल्डरला त्याला जुळवून घेऊनच पुढची रेघ काढावी लागायची. जिथे त्यानं काउल कापून ठेंगणं केलं असेल तिथे बॉनेटची मागची कड आणि दाराची वरची कड एका रेषेत येता येता कुठेतरी अडखळते. तिथे गाडी पकडायची.

जुनी_चाकं

निळा_धूर, मी चाक म्हटलं नाही, तुंबा म्हटलं. चाक बदललं तरी बोल्टांची संख्या आणि त्यांचं वर्तुळ तुंब्याबरोबर राहतं. फोटोत चाकाचं झाकण नसेल तर बोल्ट मोजता येतात. काउलचा मुद्दा मात्र पटला, पण तो बाजूच्या फोटोत उपयोगी. माझा फोटो समोरून तिरका आहे.

स्टॉकहोमची_सून

मी गाड्यांमधली जाणकार नाही, पण इथल्या एका संग्रहालयात जुन्या फोटोंचं काम करते. आम्ही आधी रस्ता बघतो.

स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत वाहतूक डावीकडून होती, पण गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच असायचं. त्यामुळे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालल्या आहेत आणि ड्रायव्हरही डावीकडे बसला आहे असा फोटो दिसला, की स्वीडन हा पहिला अंदाज. चेकोस्लोव्हाकियात १९३९ पर्यंत डावीकडून जात, व्हिएन्नात १९३८ पर्यंत. मग उन्हाच्या दिशेवरून, दुकानांच्या पाट्यांवरून, ट्रामच्या रुळांवरून तारीख जवळ आणत जायचं.

नंबरप्लेट तर हाताशी असलेला दस्तऐवज. युद्धाआधीच्या जर्मनीत रोमन एक आणि ए म्हणजे बर्लिन. स्वित्झर्लंडमध्ये १९३३ पासून कँटनची, म्हणजे तिथल्या राज्याची, दोन अक्षरं, बीई म्हणजे बर्न. म्हणजे तुमचा फोटो १९३३ च्या आधीचा नाही.

मंदगती

ताई, "आधी रस्ता बघतो" हे इथे पुण्यात सांगून बघा, गाडीकडे बघायला वेळच उरणार नाही. 😀

शिवडी_नाका

मंदगती, हसलो!

उजव्या स्टिअरिंगबद्दल लिहितो, कारण यावरून आपल्याकडे फार गोंधळ होतो. उजवीकडे स्टिअरिंग असलेली अमेरिकन गाडी दिसली की "इंग्लंडात बॉडी बांधलेली" असं लोक ठोकून देतात. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून आमच्या शिवडीत होता, तिथे उजव्या स्टिअरिंगच्या शेव्हरोले-ब्यूक खोक्यांतून येऊन जुळवल्या जायच्या. कॅनडातल्या ओशावाहून मॅक्लॉफलिन-ब्यूक ब्रिटिश साम्राज्यात जायच्या. आठव्या एडवर्डची १९३६ ची प्रसिद्ध ब्यूक तिथलीच, लंडनमध्ये फिरली तरी बॉडी लंडनची नव्हे.

उलटंही आहे. बुगाटी, डेलाहाय, लान्चिया या युरोपातल्या भारी गाड्या उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांत उजव्याच स्टिअरिंगच्या बनत होत्या. त्यामुळे स्टिअरिंग कोणत्या बाजूला यावरून देश ठरवू नये.

रेषा_आणि_रंग

धागा युद्धाआधीच अडकलाय, म्हणून पुढे नेते. मी औद्योगिक डिझाइनमधली. माझं प्रेम इटलीतल्या तुरिनवर, तिथल्या १९५० च्या दशकातल्या कोचबिल्डरांवर आहे.

क्रायस्लरचा डिझायनर व्हर्जिल एक्सनर यानं तुरिनच्या घिया या कोचबिल्डरशी संधान बांधलं, कारण एकेक नमुना गाडी हातानं ठोकून घेण्याचा खर्च तिथे डेट्रॉइटपेक्षा खूपच कमी होता. १९५१ ची के-३१० त्यातली. मग नॅश-हीली: इंजिन विस्कॉन्सिनमधल्या केनोशाचं, चासी इंग्लंडमधल्या वॉरिकची, आणि १९५२ पासून बॉडी पिनिन फारिनाची. इंजिन अटलांटिक ओलांडून इंग्लंडात, तिथून चासी तुरिनला आणि पुरी झालेली गाडी पुन्हा अटलांटिक ओलांडून अमेरिकेत. एवढ्या प्रवासानंतर किंमत परवडणार कशी! सगळ्या मिळून ५०६ झाल्या आणि १९५४ मध्ये थांबलं.

हडसन इटालिया तर फक्त २६, त्यातली पहिली नमुन्याची. मिलानच्या टूरिंगनं बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेली. पुढच्या मडगार्डवर दिव्यांच्या वर हवेसाठी झडपा आहेत, त्या ब्रेकना गारवा देतात. मागे प्रत्येक बाजूला तीन नळकांडी, त्यांच्या टोकाला दिवे. ही गाडी एकदा पाहिली की पुन्हा ओळखायला पाटी लागत नाही.

आणि क्रायस्लर नॉर्समन. छताला पुढे खांबच नाही, काचेच्या दोन्ही बाजू मोकळ्या, छप्पर मागूनच तोललेलं. घियानं बांधून बोटीवर चढवली ती आंद्रेया दोरिया. जुलै १९५६ मध्ये स्टॉकहोम नावाच्या जहाजाशी टक्कर होऊन ती नॅन्टकेटजवळ बुडाली. माणसं गेली त्यापुढे गाडीचं दुःख ते काय, पण ज्यांनी कागदावर ती काढली त्यांना ती तयार झालेली कधी बघायला मिळाली नाही, हे मला फार लागतं.

निळा_धूर

रेषाताई, लिहिलंय झकास, पण हे या धाग्यात बसत नाही. कोचबिल्डरकडे गिऱ्हाईक जाऊन "मला अशी हवी" सांगतो ती खास बॉडी. कंपनीनं कंत्राट देऊन पन्नास-शंभर काढून घेतल्या, ते उत्पादन झालं. कॅडिलॅकची १९५९ आणि ६० ची एल्डोराडो ब्रोम तुरिनला पिनिन फारिनाकडे बांधली, ९९ अधिक १०१. ती हातानं बांधली म्हणून खास बॉडी होत नाही.

रेषा_आणि_रंग

नाही पटलं. तुमच्या व्याख्येनं कनिंगहॅम सी-३ कुठे ठेवायची? फ्लोरिडात चासी, क्रायस्लरचं इंजिन, बॉडी तुरिनच्या विन्यालेची, रेखाटन मिकेलोत्तीचं, जेमतेम पंचवीस गाड्या. प्रत्येकीचे पत्रे लाकडी साच्यावर ठोकलेले, त्यामुळे एकीचं दार दुसरीला नीट बसेलच असं नाही. ओळखणाऱ्याच्या दृष्टीनं हेच महत्त्वाचं. पैसे कुणी दिले त्यावरून पत्रा बदलत नाही.

डेट्रॉइटकर

मी ताईंच्या बाजूनं. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात क्रायस्लरची टर्बाइन गाडी उभी आहे. बॉडी घियाची, तुरिनहून आणून इथे जुळवलेली. ५५ बनल्या, त्यातल्या ५० सामान्य लोकांना आळीपाळीनं चालवायला दिल्या, मग ४६ मोडून टाकल्या, नऊ उरल्या. कंत्राटी म्हणून हिला बाहेर ठेवलं तर मला चैन पडणार नाही.

मंदगती

लिंकन फ्युचुरा राहिली! १९५५ ची, तीही घियाचीच बॉडी. पुढे तिचीच बॅटमॅनची गाडी झाली, १९६६ ची. घरात कुणाला जुन्या गाड्यांत रस नसेल तर इथून सुरुवात करा, पोरं लगेच येऊन बसतात.

गॅरेजवाला_कोल्हापूर

सगळं वाचलं. तुम्ही सगळे डोळ्यांनी ओळखताय, आम्ही पान्यानं ओळखतो. 🙂

प्रत्यक्ष गाडी हाताशी असेल तर आटे बघा. अमेरिकन चासीचे बोल्ट इंचाच्या मापात, एसएईच्या आट्यांचे. बॉडी फ्रान्स, स्वित्झर्लंड किंवा इटलीत बांधली असली तर बॉडीचे बोल्ट मिलिमीटरचे. इंग्लंडात बांधली असली तर व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचे. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, बाकी दोघांचा ६०. पान्यावरचा आकडाही फसवतो: अमेरिकन पान्यावर बोल्टच्या डोक्याचं माप, व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या जाडीचं. चासीपर्यंत एक पाना चालतो आणि बॉडी जिथं चासीवर बसते तिथून दुसरा लागतो, तिथं समजायचं देश बदलला.

मग दाराचं आतलं पॅड काढायचं. हळू, खिळे वाकू न देता. आत लाकडी चौकट असते. त्या लाकडावर बॉडीचा नंबर ठोकलेला किंवा पेन्सिलीनं लिहिलेला सापडतो. सीटच्या चौकटीखाली, पायाखालच्या फळ्यांच्या उलट्या बाजूला, कधी टपाच्या लाकडी कमानीवर. सगळीकडं तोच नंबर आला तर बॉडी एकसंध आहे. दारावर एक आणि फळीवर दुसराच आला तर दोन गाड्यांची एक झाली आहे. रंगाच्या खाली, बिजागरीच्या मागं मूळ रंगही राहतो, कारण तिथं पॉलिशपेपर पोचत नाही.

काचेच्या कोपऱ्यातला शिक्का बघा. ट्रिप्लेक्स म्हणजे बहुधा इंग्लंड, सेक्युरिट म्हणजे बहुधा फ्रान्स. पण काच फुटते, म्हणून हा पुरावा कच्चा.

आमच्याकडं दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते. ती जर्मन, इथं मोजायची नाही. पण ती बघूनच मला हा नाद लागला.

पेठेतला_वाचक

मालक, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. वाचनखूण साठवली.

निळा_धूर

+१. मला आणखी एक सापळा सांगायचाय: वेमन. पॅरिसच्या शार्ल वेमननं बॉडीची एक रीत काढली. लाकडाला लाकूड टेकत नाही, सांध्यांमध्ये धातूच्या पट्ट्या, आणि वरून पत्र्याऐवजी कातड्यासारखं लेप दिलेलं कापड ताणलेलं. बॉडी हलकी, कुरकुर नाही. आता स्टट्झ या अमेरिकन गाडीवर वेमनची पट्टी बघून लोक "पॅरिसची बॉडी" म्हणतात. पण वेमनचा एक कारखाना इंडियानापोलिसलाच होता, स्टट्झच्या गावात! रीत फ्रेंच, काम अमेरिकन.

उलटा सापळा हिबर्ड आणि डॅरिनचा. दोघेही अमेरिकन. १९२३ च्या सुमारास पॅरिसला जाऊन धंदा मांडला आणि युरोपियन चासींबरोबर अमेरिकन चासींवरही बॉड्या बांधल्या. मंदीत भागीदारी मोडली. हिबर्ड जनरल मोटर्सकडे गेला, डॅरिन फर्नांडेझबरोबर नवी पेढी काढून १९३७ पर्यंत पॅरिसलाच राहिला. त्यांची गाडी समोरून पाहिली की अमेरिकन प्रमाण आणि फ्रेंच हात दोन्ही दिसतात.

आणि सगळ्यांना चकवणारी १९३७ ची कॅडिलॅक व्ही-१६, लोझानच्या हार्टमननं बांधलेली. सुमारे पावणेसात मीटर लांब, पुढची चाकंसुद्धा मडगार्डात झाकलेली. फिगोनीच्या डेलाहायवरून घेतलेली रेघ इतकी सही आहे, की कित्येक जण तिला डेलाहायच समजतात.

माळव्यातला

एक विचारू का? बॉडी बदललेली गाडी खरी मानायची की नाही? ड्यूसेनबर्गांच्या बॉड्या पुढे सर्रास एका चासीवरून दुसरीवर गेल्या असं वाचतो.

डेट्रॉइटकर

गेल्याच. युद्धानंतर या गाड्या कवडीमोलानं मिळायच्या. मोडकी लिमोझिन आणि चांगली उघडी बॉडी यांची अदलाबदल झाली की किंमत वाढायची. म्हणून ड्यूसेनबर्गवाले इंजिनाचा 'जे'चा नंबर, चासीचा नंबर आणि फायरवॉलवरचा नंबर तिन्ही बघतात. कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा हे मालकानं उघड सांगितलं तर माझ्या मते गाडी खरीच. लपवलं तर तो व्यवहार खोटा.

पॅकार्डवाल्यांचं काम सोपं. फायरवॉलवरच्या पट्टीवर विक्रेत्याचं नाव आणि गाडी दिल्याची तारीख ठोकलेली असायची. पट्टी मूळची असेल तर पहिला मुक्काम तिथेच कळतो.

बर्नकर

उशिरा आलो, पण फोटो आमच्या कँटनचा, त्यामुळे राहवलं नाही. मोठा करून, उजेड वाढवून बघितला.

चासी पॅकार्डची, मला शंका नाही. रेडिएटरचे खांदे पॅकार्डचे. चाकाच्या झाकणावरचा षटकोन तर त्यांची खूणच. प्रत्यक्षात तो लाल असतो, जुन्या फिल्मवर लाल रंग असाच गडद उमटायचा. आता रेडिएटरच्या खाली बघा. दोन चाकांना जोडणारा आडवा अ‍ॅक्सल दिसत नाही, म्हणजे पुढची चाकं स्वतंत्र झोके घेणारी. पॅकार्डनं हे १९३५ मध्ये वन-ट्वेंटीवर आणलं, मोठ्या गाड्यांवर १९३७ मध्ये. म्हणजे फोटो १९३५ च्या पुढचा. बॉनेटची लांबी बघता मी १९३७ नंतरची मोठी पॅकार्ड म्हणेन.

बॉडीचं मात्र अवघड आहे. बर्न कँटनमध्येच तीन नावाजलेले कोचबिल्डर होते: विख्तराखचा हेरमान ग्राबर, वोरब्लाउफेनचा रामसायर आणि लांगेनथालचा कारखाना. शिवाय प्लेट मालकाचं गाव सांगते, कारागिराचं नाही. झुरिच किंवा जिनिव्हातून बांधून आणलेली गाडीही बीईच्या प्लेटवर फिरली असती. माझा कल ग्राबरकडे. त्यानं पॅकार्डवर असे उघड्या टपाचे कॅब्रिओले बांधलेले आहेत, आणि दाराच्या रेषेत जो संयम दिसतोय, तो त्याच्या हातचा वाटतो. युद्धानंतर इंग्लंडच्या अल्व्हिस कंपनीच्या चासीवर त्यानं जे काम केलं त्यातही तेच.

दाराच्या पुढे, खालच्या कडेला एक फिकट ठिपका आहे. कोचबिल्डरची पट्टी बसवायची ती जागा. मूळ फोटोवरून तेवढाच तुकडा जास्त बारकाईनं स्कॅन कराल का?

निळा_धूर

पॅकार्ड मान्य, १९३७ नंतरची हेही मान्य. ग्राबर मान्य नाही. "संयम" हा पुरावा नव्हे, रामसायरचं कामही संयमीच होतं. काचेची चौकट आणि टप दुमडल्यावर त्याची उंची किती राहते, हे तिघांच्या माहीत असलेल्या गाड्यांशी ताडून बघितल्याशिवाय नाव घेऊ नये.

जुनी_चाकं

बर्नकर, मनापासून आभार. अ‍ॅक्सलचा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नव्हता. ठिपक्याचा तुकडा चोवीसशे डीपीआयला स्कॅन करून इथेच टाकतो. निळा_धूर म्हणतात तशी टपाच्या उंचीची तुलनाही करू. तोवर बॉडीच्या रकान्यात काही लिहीत नाही.

शिवडी_नाका

कोल्हापूरकर, तुमच्यासाठी एक काम. आमच्या सासुरवाडीकडच्या एका वाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी मोटार झाकून ठेवली आहे. घरचे हडसन म्हणतात. पण बॉडी मी पाहिलेल्या एकाही हडसनसारखी नाही. फारच ठेंगणी, स्टिअरिंग उजवीकडे, रेडिएटरवर नाव नाही.

गॅरेजवाला_कोल्हापूर

अहो, मग ती रेल्टनही असू शकेल! इंग्लंडात सरे परगण्यातल्या कोबमला १९३३ पासून हडसनच्या चासीवर इंग्लिश बॉड्या बांधून रेल्टन नावानं विकत. इंजिन आठ सिलिंडरचं, बॉडी हलकी, म्हणून पळायला जबरदस्त. इंजिन बघून लोक हडसन म्हणतात आणि बॉडी बघून कुठली तरी इंग्लिश गाडी.

तिथं गेलात की गाडी चालू करायचा प्रयत्न अजिबात करू नका. क्लच उघडायचा मोहही नको. हडसनचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्याच्या प्लेटीत बुचाच्या लाकडाच्या गोळ्या बसवलेल्या असतात. तेल आटलं असलं तर त्या वाळून भुगा होतात. मी एका गिऱ्हाइकाच्या हडसनचा उघडला होता, वाटीभर तपकिरी चुरा निघाला. तो नव्यानं बसवता येतो, पण जुन्या गोळ्या मापासाठी जपून ठेवायला लागतात.

तुम्ही फक्त धूळ पुसून बॉनेटचा वरचा भाग बघा. पुढून मागं जाणाऱ्या रिव्हेटांच्या रांगा दिसल्या तर फोटो काढा, फायरवॉलवर जी काही पट्टी असेल तिचाही काढा, आणि मला निरोप टाका. तेवढ्यासाठी आटे मोजायचा गेज घेऊन मी स्वतः येतो.

शिवडी_नाका

गणपतीला जाणारच आहे. टॉर्च आणि फडकं बरोबर घेतो.